कोठडीतले सर

ज्या माणसाने मला चित्रं बघायला शिकवली, त्याला स्वतःला चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, "एकीकडे पाहिलं तर तुमचं म्हणणं बरोबर आहे, मॅडम. पण दुसरीकडे..." आणि ते दुसरीकडचं संपेपर्यंत समोरचा चहा थंड झाला असता.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते कुठे शिकवत नव्हते. दिल्लीतल्या मुनिरकात राहून नागरी सेवा परीक्षेची तयारी करणारा जो उमेदवार कानाजवळचे केस पांढरे होईपर्यंत टिकतो, त्याला आपोआप सर म्हणायला लागतात. ही पदवी कोणी देत नाही आणि कोणी काढूनही घेत नाही. आम्ही मराठी पोरंपोरी दर वर्षी नांदेड-बीड-लातूरकडून नव्या बॅगा घेऊन तिथे उतरायचो, जुनी हळूहळू निघून जायची. काही साहेब होऊन, बरीचशी नुसतीच. सर तेवढे तिथेच असायचे.

त्यांची खोली चौथ्या मजल्यावर होती. खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीतल्या एका बिहारी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात उघडायची. दोन्ही भिंतींमध्ये हात घालायला जेमतेम जागा. त्यामुळे सरांना ऊन कधी आलं आणि कधी गेलं ते कळायचं नाही, शेजारी कुकरची शिट्टी झाली की दुपार झाली असं ते समजायचे. दिवसा ते पलंगावर टेकत नसत. कितीही दमले तरी खुर्चीवर. "दिवसा पाठ टेकली की माणूस राजीनामा देतो," असं म्हणायचे. कशाचा राजीनामा, हे आम्ही कधी विचारलं नाही.

प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की साधी भेंडी घ्यायची की दुधी यावरसुद्धा त्यांचं मत निघत नसे. भाजीवाला वैतागायचा. "भाई साहब, लेना क्या है?" सर त्याला शांतपणे सांगायचे, "देखिए, भिंडी के पक्ष में भी तर्क हैं." बहुतेक वेळा शेवटी भाजीवालाच जे हाताला लागेल ते पिशवीत टाकायचा आणि सर ते निमूट शिजवून खायचे.

गावाकडून कोणाचे पाहुणे दिल्लीला आले की त्यांना पानिपत बघायचं असतं. कुतुबमिनार नाही बघितला तरी चालतो, पानिपत हवंच. ते दाखवायचं काम सरांकडे होतं. पाहुणे स्मारकापाशी उभे राहून डोळे पुसायचे, एखादे मामा आवाज चढवून इतिहास सांगायचे, आणि सर जरा लांब उभे राहून घड्याळ बघायचे. मग सगळ्यांना घेऊन ते थेट ब्लँकेटच्या बाजारात जायचे. "हरलो तर हरलो, निदान पांघरूण तरी घेऊन जाऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीतल्या एकूण एक मराठी खोलीत पानिपतचं ब्लँकेट होतं.

पण त्यांची खरी ख्याती होती ती छंदांसाठी. मुख्य परीक्षा पास झाली की मुलाखतीआधी जो अर्ज भरतात त्यात छंदाचा एक रकाना असतो. आमच्यापैकी कोणालाच छंद नव्हता. चौथीच्या स्कॉलरशिपपासून जी पोरं फक्त अभ्यास करत आली, त्यांना छंद कुठून असणार? मग ज्याला जे भारदस्त वाटेल ते तो लिहून मोकळा व्हायचा आणि नंतर रडत सरांकडे यायचा. सर रागवायचे नाहीत. त्यांचा एकच नियम होता. खोटं लिहिलंत ना, मग मुलाखतीपर्यंत ते खरं करायचं.

बीडच्या एका मुलाने पक्षीनिरीक्षण लिहिलं होतं. त्याला कावळा आणि कबूतर एवढेच पक्षी ओळखू यायचे. सरांनी त्याला हिवाळाभर पहाटे संजय वनात नेलं. थंडीने दोघांची नाकं गळायची, धुक्यात झाड दिसायची मारामार, तिथे पक्षी कुठले दिसायला? पण त्या मुलाला पुढे खरोखरच नाद लागला. मुलाखतीत तो एका सुतारपक्ष्यावर इतकं बोलला म्हणे की बाकी काही विचारायला वेळच उरला नाही, आणि मार्क कमी पडले. दुसऱ्या एकाने पारंपरिक पाककला लिहिलं, तर सरांनी त्याच्याकडून गल्लीतल्या यच्चयावत मराठी पोरांसाठी पुरणपोळ्या करवून घेतल्या. पुरण वाटता वाटता मिक्सरने अख्ख्या इमारतीची वीज घालवली. घरमालक ताऊ काठी घेऊन शिव्या देत वर आला आणि तीन पोळ्या खाऊन खाली गेला.

मी कलाप्रदर्शनांना भेट देणे असं लिहिलं होतं.

का लिहिलं? आदल्या वर्षी निवड झालेल्या एका मुलीने लिहिलं होतं म्हणून. मी अंबाजोगाईची. प्रदर्शन म्हणून मी आयुष्यात जे पाहिलं होतं ते शाळेच्या गॅदरिंगमधलं रांगोळीचं. माझा तो शेवटचा प्रयत्न होता आणि मी इतकी थकले होते की हसूही येत नव्हतं. सरांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. दर रविवारी निघायचं, मॅडम."

मग आमच्या वाऱ्या सुरू झाल्या. मंडी हाउसला, कुठल्या कुठल्या गॅलऱ्यांमध्ये. सर इस्त्रीचा शर्ट घालायचे, पाठीवर सॅक, हात मागे बांधलेले. चित्रासमोर उभं केलं की विचारायचे, "काय दिसतं?" मी अर्थ सांगायला लागले की थांबवायचे. "अर्थ नाही विचारला. दिसतं काय ते सांगा." मी सांगायची, निळा रंग आहे, कोपऱ्यात एक बाई आहे. "अजून?" अजून काही नाही, सर. "मग थांबा. कंटाळा येईपर्यंत थांबा. कंटाळा आल्यावर दिसायला लागतं." एवढीच त्यांची कलासमीक्षा. कंटाळ्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता, त्यामुळे मी ऐकायची. आणि खोटं कशाला बोलू, पाय दुखायला लागले की चित्रात खरंच काहीतरी दिसायचं.

सर स्वतः मुलाखतीपर्यंत कधीच पोचले नव्हते. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. दुसऱ्यांना मुलाखतीला तयार करणाऱ्या या माणसाला मुलाखतीचं पत्र कधी आलंच नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र आम्हां दोघा-चौघांनाच माहीत होती. सरांचे परीक्षेचे सगळे प्रयत्न संपून गेले होते. आता त्यांना अर्जही भरता येत नव्हता. घरी मात्र त्यांनी वयाची अट वाढली असं सांगून ठेवलं होतं. अशा बातम्या दर वर्षी उठतातच, त्यामुळे ते खपून गेलं. गावाकडे वडील समजत होते की पोरगा अजून परीक्षा देतो आहे आणि औंदा नक्की होणार आहे.

आणि नेमके त्या एप्रिलमध्ये वडील न सांगता दिल्लीत येऊन उभे राहिले.

निजामुद्दीनला उतरून विचारत विचारत ते थेट खोलीवर आले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले; आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. बुटके, काटक, पांढरा शर्ट-पायजमा, हातात ज्वारीच्या पिठाची आणि चिवड्याची पिशवी. खोलीत आल्यावर त्यांनी चारही भिंती बघितल्या, भिंतींवरचे नकाशे बघितले आणि विचारलं, "बरी हाय खोली. हवा कुठून येती?" सरांनी खिडकीकडे बोट केलं. पलीकडून मोहरीच्या तेलाचा वास आला. काकांनी पिशवी खाली ठेवली.

सर घाईघाईने माझ्याकडे आले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मॅडम, बाबा आहेत तोवर मी अजून उमेदवार आहे. लक्षात ठेवा." मी हो म्हटलं. त्यांनी तेच आणखी दोघा-तिघांना सांगितलं, आणि तरीही त्यांना भरवसा वाटेना. गल्लीत कोण कधी काय बोलून जाईल याचा नेम नव्हता. रविवारी आमचं प्रदर्शन ठरलेलं होतं, तर वडिलांना मागे एकटं ठेवण्याऐवजी ते त्यांनाही बरोबर घेऊन निघाले.

त्या वेळचं प्रदर्शन दिल्लीबाहेर होतं. पानिपतच्या रस्त्यावर एका गावात जुना तुरुंग आहे. कैद्यांना गावाबाहेरच्या नव्या तुरुंगात हलवलं होतं, आणि रिकाम्या इमारतीचं काय करायचं ते ठरेपर्यंत ती काही कलाकारांना वापरायला दिली होती. एकेकाला एकेक कोठडी. मुलाखतीत सांगायला फार चांगलं आहे, असं सरांचं म्हणणं पडलं. आम्ही काश्मिरी गेटहून हरियाणाची सरकारी बस धरली. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि वाटभर त्याच्या पायाकडे बघत राहिले. "क्लच लई दाबतो ह्यो," एवढं एकदा मागे वळून मला म्हणाले.

तुरुंग लाल विटांचा होता. आत मोठं अंगण, मधोमध कडुनिंब, आणि त्याच्या भोवती कोठड्यांची रांग. काळ्या टी-शर्टातली कॉलेजची पोरं लोकांना रस्ता दाखवत होती. रविवार असल्याने गर्दी बरी होती, दिल्लीहून गाड्या करून आलेली. एका कोठडीत जमिनीवर मीठ पसरलं होतं आणि त्यावर लोकांच्या पायांचे ठसे उमटत होते. एका कोठडीत छतापासून नुसते जुने शर्ट लोंबत होते, बाह्या एकमेकींत बांधलेल्या. एकीत एका बाईने खिडकीतून दिसणारा आभाळाचा चौकोन पुन्हा पुन्हा रंगवला होता, भिंतभर चौकोनच चौकोन.

"काय दिसतं?" सरांनी विचारलं.

"आभाळ."

"थांबा जरा."

मी थांबले. ऊन चढत होतं, विटांची धग अंगाला लागत होती. कुठलेच दोन चौकोन सारखे नव्हते, एवढं मला दिसलं. सर समाधानाने पुढे गेले. काका मागून येत होते. त्यांनी ती भिंत बघितली आणि म्हणाले, "आमच्या डेपोत पाट्या रंगवायला एकजण यायचा. त्याला ही भिंत दिली आसती तर दोन दिसांत मोकळा झाला आसता." मग त्यांना थकवा आला. ते अंगणात कडुनिंबाखाली चपला काढून बसले आणि तुम्ही बघून या म्हणाले.

रांगेच्या टोकाला एक कोठडी रिकामी होती. तिच्यातला कलाकार आला नव्हता की त्याने सामान नेलं होतं, कोण जाणे. आत सिमेंटचा ओटा, कोपऱ्यात मोरी आणि वर जाळीची खिडकी. सरांचेही पाय बोलायला लागले होते. ते आत डोकावले, वर जाळीकडे बघितलं. "माझ्या खोलीपेक्षा इथे हवा जास्त आहे," ते म्हणाले. "तुम्ही पुढचं बघून या, मॅडम. मी टेकतो." आणि ओट्यावर बसून त्यांनी सवयीने सॅकमधून चालू घडामोडींचं मासिक काढलं, पेन्सिल काढली आणि खुणा करायला लागले.

मी पलीकडच्या रांगेत गेले. परत आले तर त्या कोठडीच्या दाराशी माणसं जमली होती. एक नवरा-बायको, दोन कॉलेजच्या मुली आणि एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. काळ्या टी-शर्टातला पोरगा स्वतःच जरा गोंधळलेला होता, पण "थोड़ा पीछे, प्लीज़," म्हणत त्याने सगळ्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. आत सर खाली मान घालून खुणा करत होते. मला क्षणभर कळेना काय चाललंय. मग कळलं. त्या लोकांना सर म्हणजे प्रदर्शनातलंच एक काम वाटत होतं.

मला हसू आलं. आता खोलीवर गेल्यावर हे सगळ्यांना सांगायचं, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

त्यातल्या बाईने विचारलं, "आप रोज़ ऐसे बैठते हैं?"

सरांनी मान वर केली. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय हे बघायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. मासिक बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले. "जी, रोज़."

"सुबह से?"

"सुबह से. बीच में खाना बनाता हूँ."

"और ये सच में पढ़ रहे हैं आप?" एका मुलीने विचारलं.

"पढ़ा हुआ तो सब है. निशान लगा रहा हूँ."

"कब से चल रहा है ये?"

"बहुत साल हो गए."

दाढीवाले गृहस्थ उंबऱ्यापर्यंत पुढे आले. ते म्हणाले, "दरवाज़ा तो खुला है."

सरांनी दाराकडे पाहिलं. जणू पहिल्यांदाच कोणी दाखवलं. "हाँ जी," ते म्हणाले, "खुला ही रहता है."

"फिर जाते क्यों नहीं?"

मी वाट बघत होते की आता ‘एकीकडे पाहिलं तर’ सुरू होईल. नाही झालं. सरांना इतकं सरळ बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "अब परीक्षा में बैठने का हक़ भी नहीं रहा मेरा," ते म्हणाले. "सारे मौके हो गए. पहले बैठने की वजह थी, अब आदत है. और घर पर मालूम नहीं है."

"घरवाले क्या सोचते हैं?"

"यही, कि इस बार हो जाएगा."

माझं हसू कधीच गेलं होतं. समोर पाच माणसं उभी, एकामागून एक प्रश्न येताहेत आणि सर ताठ बसून खरी खरी उत्तरं देताहेत. इतक्या वर्षांत त्यांना जी मुलाखत मिळाली नाही ती इथे, या कोठडीत चालली होती, आणि ते ती फार चांगली देत होते. मला रडू आलं. दोन मुलींपैकी एकीने हातातला मोबाइल खाली केला. त्या नवऱ्याने हळूच टाळ्या वाजवल्या आणि मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

सर बावरले. गर्दीत मला शोधून म्हणाले, "मॅडम, हे टाळ्या का वाजवतायत?"

"सर, त्यांना वाटलं तुम्ही प्रदर्शनातले आहात."

ते ओशाळं हसले, उठायला गेले आणि तसेच थांबले. माझ्या मागे काका उभे होते. हातात पाण्याची बाटली होती, पोराला द्यायला आणलेली. ते किती वेळ उभे होते माहीत नाही, पण पुरेसा वेळ उभे होते. आयुष्यभर त्यांनी हैदराबादच्या मार्गावर गाडी चालवली होती, हिंदी त्यांना सरांपेक्षा बरी येत होती.

काका आत गेले. ओट्यावर सरांच्या शेजारी बसले आणि बाटली पुढे केली.

"पी आधी."

सर प्यायले.

"कवापासून?"

"झाली काही वर्षं."

"आन् मी डेपोत सांगत बसलो, औंदा हुतंय म्हणून."

"बाबा, एकीकडे बघितलं तर—"

"आरे नको," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ते ऱ्हाऊ दे. एकच सांग. घरी यायचं का न्हाई तुला?"

सरांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तोवर दाराशी नवी माणसं येऊन उभी राहिली होती. दोघांना बसलेलं बघून त्यांना आणखी कुतूहल वाटत होतं. त्या काळ्या टी-शर्टवाल्या पोराने माझ्या कानाशी विचारलं, "ये दूसरे वाले अंकल सुबह तो नहीं थे ना?" मी त्याला म्हटलं, "ये घर के लोग हैं, भैया. इनको थोड़ा बैठने दो." आणि दारात आडवी उभी राहिले. लोक माझ्यावर चिडून पुढे जात होते.

"यायचंय," सर म्हणाले.

"मंग?"

"तिथं एकेकाला सांगावं लागेल, बाबा. बसस्टँडवर उतरल्यापासून घरापर्यंत. काय झालं, का नाही झालं. ते मला जमायचं नाही. बाकी काहीही जमेल."

काकांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. कोणीतरी तिथे खिळ्याने बरंच काही खरवडून ठेवलं होतं. "घाटात माझी गाडी बंद पडली हुती," ते म्हणाले. "लगीनसराई, गाडी गच्च. मी उतरलो, चाकाला दगड लावला आन् खिडकी-खिडकीत जाऊन सांगितलं, गाडी बंद हाय, उतरा. बायाबापड्या, म्हातारी माणसं. काय शिव्या खायच्या त्या खाल्ल्या. सांगावं तर लागतंच."

"तुम्ही सांगितलं," सर म्हणाले. "मला नाही सांगता येत."

काकांनी मान हलवली. रागावले नाहीत, समजावलंही नाही. उठले, चपला शोधायला कडुनिंबाकडे गेले.

परतीच्या बसमध्ये काका झोपले. सरांची मान खिडकीकडे होती. मला वाटलं आता नेहमीप्रमाणे विचारतील, काय दिसलं आज. त्यांनी विचारलं नाही आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी काका गाडीत बसून गेले. सर स्टेशनवरून आले ते थेट खुर्चीत बसले आणि शेजारचा कुकर वाजेपर्यंत हलले नाहीत.

माझी मुलाखत झाली. छंदावर प्रश्न आलाच. शेवटचं प्रदर्शन कुठलं पाहिलंत, लक्षात काय राहिलं? मी आभाळाचे चौकोन सांगणार होते, पाठ करून ठेवले होते. तोंडातून निघालं, "एका कोठडीत एक माणूस बसला होता." समोरच्या एका बाईंनी विचारलं, त्यातून कलाकाराला काय सुचवायचं होतं? मी म्हटलं, "मॅडम, तो दमला होता म्हणून बसला होता." मंडळ हसलं. ते हसणं चांगलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे सांगायला मी सरांच्या खोलीवर गेले. काकांनी आणलेल्या पिठाची भाकरी चालली होती. तेवढ्यात फोन वाजला. हात पिठाचे, म्हणून सरांनी कोपराने स्पीकर लावला.

"कुठं हायस?" काका होते.

"खोलीवर."

"झालं बघ सांगून सगळ्यांना."

"काय?"

"तुझं. आधी डेपोत गेलो. मंग स्टँडवरच्या हाटेलात. न्हाव्याच्या दुकानात लई जण हुते, तिथं एका झटक्यात काम झालं. तुझ्या मामाला सांगितलं, तवा पुढच्या दोन गावांत मला जायाची गरजच पडली न्हाई."

सरांच्या हातात भाकरी तशीच होती. "काय म्हणाले लोक?"

"काय म्हंतील? दोघं-चौघं हसले. हसले तर हसले. एकजण म्हणाला, आम्हाला ठावंच हुतं. ठावं हुतं तर बरंच झालं. हेडमास्तर म्हणाले, येऊ द्या, संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवील. बाकीचे म्हणाले, येणार कवा?"

"बाबा, तुम्ही कशाला—"

"आता तुला कुणालाच सांगायचं राहिलं न्हाई," काका म्हणाले. "तू नुसता ये. खाली मान घालून आलास तरी चालंल."

तव्यावरची भाकरी करपत होती. मी ती उलटली. सरांनी पिठाचे हात डोळ्यांना लावले, ते तसेच पांढरे झाले. मग ते फोनकडे वाकून म्हणाले, "बरं. येतो."

आठवड्याच्या आत ते गेले. पुस्तकं रद्दीत घातली, खुर्ची नव्या भाडेकरूला ठेवली. स्टेशनवर आम्ही बरेच जण होतो. जो तो मनात आपापली पाळी मोजत होता. आता ते गावी शिकवतात, तालुक्याच्या वाचनालयात बसतात असं ऐकते. बरे आहेत म्हणे. दुपारी झोपतातसुद्धा.

पुढे निकाल लागला. यादीत माझं नाव नव्हतं. मी अंबाजोगाईला फोन केला तेव्हा आई म्हणाली, "एवढ्यात कुणाला बोलू नकोस. बघू आपण." मी बोलले नाही. तीही नाही बोलली. माझ्या वडिलांना, अप्पांना, तर सांगायची सोयच नव्हती, त्यांनी पेढेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मग मी दिल्लीतच दुसरी एक परीक्षा देऊन मिनिस्ट्रीत असिस्टंट झाले, गाझियाबादला घर झालं, लग्न झालं. रोज मेट्रोतून उभ्याने जाते, उभ्याने येते. गावी जाते ती लग्नाकार्यापुरती, दोन दिवस.

तिथे अजून कोणीतरी मांडवात गाठून विचारतं, "काय गं, तुझं ते कलेक्टरचं काय झालं?" माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आई पुढे होते. "चालू आहे तिचा अभ्यास," ती म्हणते. मी माझ्या तिसरीतल्या मुलीचा हात धरून शेजारी उभी असते, आणि मान हलवते.